कपाटातली त्राव्हियाता

त्या टेपवर सगळ्यात आधी कानात भरतो तो प्रॉम्प्टर. आपल्याकडे प्रॉम्प्टर विंगेत उभा असतो. ऑपेरात तो रंगमंचाच्या पुढच्या कडेला एका छोट्या खोक्यात बसतो आणि गायकाला पुढच्या ओळीचे पहिले शब्द देतो. २७ मार्च १९५८ रोजी लिस्बनच्या साओ कार्लोस नाट्यगृहात इटालियन संगीतकार व्हेर्दीच्या ‘ला त्राव्हियाता’ या ऑपेराचा प्रयोग झाला. पोर्तुगालच्या रेडिओने तो मुद्रित केला, आणि माइक असा काही लागला की प्रॉम्प्टरचा आवाज जागोजाग टेपवर उतरला. तो कोरडेपणाने शब्द टाकतो आणि पुढच्याच क्षणी तेच शब्द नायिकेच्या भूमिकेतल्या मारिया कालासच्या गळ्यातून येतात. पहिल्यांदा ऐकणारा वैतागतो. तिसऱ्या अंकापर्यंत मात्र वैताग जातो, कारण नुसता शब्द आणि त्या शब्दाचं झालेलं गाणं, दोन्ही शेजारी शेजारी ऐकण्याची अशी संधी दुसरीकडे कुठे मिळत नाही.

तिसऱ्या अंकात नायिका व्हियोलेत्ता क्षयाने अंथरुणाला खिळलेली आहे. प्रियकराच्या वडिलांचं पत्र तिच्या हातात आहे. इथे व्हेर्दीने तिला गायला दिलेलंच नाही. पत्र ती नुसतं वाचते, बोलण्याच्या आवाजात, आणि मागे व्हायोलिनवर पहिल्या अंकातली प्रेमाची धून हळूच चालू राहते. पत्र संपतं. ‘ए तार्दी!’ उशीर झाला. त्यानंतरच्या गाण्यात शेवटच्या वरच्या स्वरावर व्हेर्दीने लिहून ठेवलं आहे, ‘उन फिल दि वोचे’, म्हणजे आवाजाचा एक धागा. लिस्बनच्या टेपवर तो खरोखरच धाग्याएवढा आहे. आता तुटतो की काय, असं वाटून आपलाच श्वास अडकतो.

मी हे पहिल्यांदा ऐकलं १९७८ साली, गिरगावात, चौदा वर्षांचा असताना. आमच्या चाळीसमोरच्या इमारतीत एक गोंयकार व्हायोलिनवादक राहायचे. आठवडाभर सिनेमाच्या स्टुडिओत वाजवायचे, रविवारी चर्चमध्ये. आम्ही पोरं त्यांना अंकल म्हणायचो. त्यांचा चुलतभाऊ लिस्बनला स्थायिक झाला होता आणि त्याने ही टेप कोणाकडून तरी उतरवून घेऊन पाठवली होती. स्पूल लावायच्या आधी ते हात धुऊन, पुसून यायचे. ही रेकॉर्ड कुठे मिळेल, असं मी विचारलं तेव्हा म्हणाले, “मिळणार नाही रे बाबा. काढलीच नाही कोणी.”

ते खरंच होतं. ईएमआय कंपनीने ते मुद्रण अधिकृतपणे बाजारात आणलं १९८० साली, प्रयोगानंतर २२ वर्षांनी. कालास १६ सप्टेंबर १९७७ रोजी पॅरिसमध्ये वारली होती.

मग तिने स्टुडिओत व्यवस्थित ‘त्राव्हियाता’ का गायली नाही? गायली होती, १९५३ मध्ये, तुरीनच्या चेत्रा कंपनीसाठी. तिथला वाद्यवृंद आणि सोबतचे गायक तिच्या तोलाचे नव्हते, आणि मुख्य म्हणजे तिची व्हियोलेत्ता पुढे जशी घडली तशी अजून घडायची होती. १९५५ मध्ये मिलानच्या ला स्कालात लुकीनो व्हिस्कोंतीच्या दिग्दर्शनात आणि कार्लो मारिया जुलिनीच्या संगीत-संचालनात ती भूमिका उभी राहिली. त्याच वर्षी ईएमआयने स्टुडिओत ‘त्राव्हियाता’ मुद्रित केली, ती मात्र आंतोनिएत्ता स्तेल्लाला घेऊन. चेत्राच्या करारात कलम होतं की पाच वर्षं तोच ऑपेरा दुसऱ्या कंपनीसाठी गायचा नाही. कालासला ते फार लागलं. ईएमआयसाठी ही भूमिका स्टुडिओत गाण्याचा योग पुन्हा आलाच नाही.

म्हणजे हिशेब असा होतो. विसाव्या शतकातली एवढी मोठी व्हियोलेत्ता, ऐन बहरातली, आज आपल्या कानांपर्यंत पोहोचते ती फक्त प्रयोगांच्या मुद्रणांतून: १९५५ चं ला स्काला, मार्च १९५८ चं लिस्बन, जून १९५८ चं लंडन. ला स्कालाच्या मुद्रणातला आवाज खरखरीत आणि फुटका आहे, तरी लोक ते जिवापाड जपतात. करार करणाऱ्यांनी ती गमावली. रेडिओच्या तंत्रज्ञांनी, टेपा उतरवून घेणाऱ्या शौकिनांनी आणि पोस्टाने त्या एकमेकांना पाठवणाऱ्या अनोळखी माणसांनी ती राखली. कायद्याच्या भाषेत त्यांतले पुष्कळजण चोर होते.

मला यातून एक सार्वजनिक प्रश्न मांडायचा आहे, आणि त्याबद्दल माझं मत ठाम आहे. जे ध्वनिमुद्रण मालक वर्षानुवर्षं विकत नाही, वाजवत नाही, कोणाला ऐकूही देत नाही, त्यावर त्याचा हक्क राहता कामा नये. आणि जे मुद्रण लोकांच्या पैशाने चालणाऱ्या रेडिओने केलं आहे, ते मुदत संपल्यावर आपणहोऊन लोकांपुढे ठेवणं हे त्या रेडिओचं कर्तव्य मानलं पाहिजे, मेहेरबानी नव्हे.

यावर नेहमीचं उत्तर असं मिळतं, की व्हेर्दी तर सगळ्यांचा आहे. स्वरलिपी छापलेली आहे, कोणीही गावं. एका रात्रीचा प्रयोग हरवला म्हणून काय झालं?

हे उत्तर ज्याला सुचतं त्याने संगीताचा अर्धाच भाग पाहिला आहे. बरोक काळातला, म्हणजे साधारण १६०० ते १७५० मधला, इटालियन ऑपेरा घ्या. त्यातल्या बहुतेक गाण्यांचा घाट तीन भागांचा असतो: पहिला भाग, मग वेगळ्या भावाचा दुसरा, आणि मग पुन्हा पहिला. कागदावर तिसरा भाग लिहिलेलाच नसतो, ‘दा कापो’ एवढंच असतं, म्हणजे पुन्हा सुरुवातीपासून. पण तो जसाच्या तसा पुन्हा म्हणणं हे त्या काळी गायकाचं दिवाळं समजलं जाई. परत येताना त्याने स्वतःच्या तानांनी, मुरक्यांनी, ठेहरावांनी ते गाणं नवं करायचं. बंदिश चार ओळींची आणि ख्याल पाऊण तासाचा, हे ज्या कानांना ठाऊक आहे त्यांना यात वेगळं समजावण्यासारखं काही नाही. हेंडेलने लंडनमध्ये बसून इटालियन भाषेतले ऑपेरे लिहिले, ‘जुलिओ चेझारे’ १७२४ मध्ये आला. त्याची वही आपल्याकडे आहे. त्यातला मुख्य गायक सेनेसिनो याने त्या रात्री त्या वहीचं काय केलं, ते गेलं ते गेलंच.

हे जाणं म्हणजे काय, याचा एक पुरावा मात्र शिल्लक आहे. लहानपणीच शस्त्रक्रिया करून ज्यांचा बालस्वर कायम ठेवला जाई, असे कास्त्राती गायक म्हणजे बरोक ऑपेराचे मानकरी. सेनेसिनो त्यांतलाच. या परंपरेतला अगदी शेवटचा गायक, आलेस्सांद्रो मोरेस्की, व्हॅटिकनच्या सिस्टीन चॅपेलमध्ये गायचा. १९०२ आणि १९०४ मध्ये ग्रामोफोन कंपनीच्या माणसांनी त्याचा आवाज मेणावर उतरवला. एकट्याने गाणाऱ्या कास्त्रातोचा जगात दुसरा आवाज नाही. मुद्रण धूसर आहे, गायक पहिल्या फळीतला नाही, स्वर कुठे कुठे हलतात. तरीही दोनशे-अडीचशे वर्षांच्या एका गायनकलेचा एवढाच ऐकू येणारा तुकडा आपल्या हाती आहे. कोणी तरी त्या तबकड्या सांभाळल्या नसत्या, तर स्वरलिपींच्या ढिगाऱ्यातून आपल्याला तो कधीही ऐकू आला नसता.

मला आणखी एक गोष्ट वाटते. ‘चुकीची’ ठरलेली मुद्रणंही जपायला हवीत. पन्नासच्या दशकात विवाल्दी किंवा मोंतेवेर्दी असे बरोक संगीतकार वाजवायचे म्हणजे आधुनिक व्हायोलिनं, भरगच्च आवाज, लांबवलेले सूर. १९६९ च्या आसपास संगीत-संचालक निकोलाउस हार्नोन्कोर्टने मोंतेवेर्दीचा ‘ल’ओर्फेओ’ जुन्या वाद्यांवर मुद्रित केला आणि ऐकण्याची सवयच बदलत गेली. पुढे इल जार्दिनो आर्मोनिको, एउरोपा गालान्ते अशा इटालियन मंडळींनी तोच विवाल्दी इतक्या चपळाईने वाजवला की आधीचं सगळं जुनाट वाटायला लागलं. मला ही नवी मुद्रणं मनापासून आवडतात. पण इ मुझिची या वाद्यवृंदाने व्हायोलिनवादक फेलिक्स आयोला घेऊन १९५५ मध्ये केलेले विवाल्दीचे ‘चार ऋतू’ ऐकल्याशिवाय हा बदल केवढा होता, हे कळणार कसं? ती रेकॉर्ड लोकप्रिय होती म्हणून मिळते. त्याच वर्षांत रेडिओसाठी झालेले बरोक ऑपेराचे कितीतरी प्रयोग कोणी विकत नाही, कारण ते आज फॅशनमध्ये नाहीत. बाजार फॅशनवर चालला तर त्यात गैर काही नाही. इतिहासाची चावी मात्र बाजाराच्या खिशात ठेवून चालणार नाही.

आता कायद्याकडे. युरोपात ध्वनिमुद्रणावरचा हक्क पूर्वी ५० वर्षांचा होता. तो ९५ वर्षांचा करावा, असा प्रस्ताव युरोपीय आयोगाने २००८ मध्ये आणला. तडजोड होऊन २०११ मध्ये तो ७० वर्षांवर ठरला. १ नोव्हेंबर २०१३ रोजी जे मुद्रण अजून हक्काखाली होतं त्यालाच वाढीव मुदत मिळाली. त्यामुळे १९६२ पर्यंत प्रसिद्ध झालेलं सगळं युरोपात मोकळं राहिलं आणि १९६३ पासूनच्या सगळ्याला आणखी २० वर्षं कुलूप लागलं. ब्रिटन सरकारनेच नेमलेल्या गॉवर्स समितीने २००६ मध्ये स्पष्ट सांगितलं होतं, की मुदत वाढवू नका, ५० वर्षं पुरेशी आहेत. ते कोणी ऐकलं नाही.

अमेरिकेत तर याहून विचित्र स्थिती. १९७२ च्या आधीच्या मुद्रणांना तिथल्या केंद्रीय कायद्यात जागाच नव्हती. २०१८ च्या कायद्याने ती दिली, आणि १९२३ च्या आधीची सगळी मुद्रणं १ जानेवारी २०२२ रोजी मोकळी झाली. एन्रिको कारुसोने मिलानच्या हॉटेलातल्या एका खोलीत १९०२ च्या एप्रिलमध्ये गायलेली दहा गाणी मोकळी व्हायला १२० वर्षं लागली. कारुसो स्वतः १९२१ मध्येच गेला होता. १९४७ ते १९५६ मधल्या मुद्रणांना ११० वर्षं दिली आहेत. म्हणजे व्हिक्तोर दे साबाताच्या संचालनाखाली १९५३ मध्ये झालेली कालासची ‘तोस्का’ युरोपात २००४ पासून सर्वांची आहे, आणि अमेरिकेत ती २०६३ संपेपर्यंत कंपनीची राहील. तीच तबकडी, तोच आवाज.

मुदत वाढवताना नाव घेतलं गेलं ते कलाकारांचं. विशीत गायलेल्या गाण्याचं उत्पन्न म्हातारपणी, नेमकं गरज असताना बंद होतं, हा मुद्दा खरा आहे. वाद्यवृंदात बसून एकरकमी बिदागीवर वाजवणाऱ्यांसाठी कायद्यात सोयही केली: वाढीव वीस वर्षांत कंपनीला त्या मुद्रणातून जे मिळेल त्याचे २० टक्के अशा वादकांसाठी बाजूला ठेवायचे. ऐकायला छान आहे. पण जे मुद्रण बाजारातच नाही त्याचे वीस टक्के म्हणजे शून्य. ज्या गोंयकार वादकांच्या शेजारी मी वाढलो त्यांनी आयुष्यभर एकरकमी पैशावर वाजवलं, म्हणून हा मुद्दा मला परका नाही. त्यांच्या नावावर मुदत वाढवून घ्यायची आणि टेप मात्र गोदामात ठेवायची, हे मला सहन होत नाही.

त्याच कायद्यात एक चांगलं कलमही आहे. पन्नास वर्षं झाल्यावर कंपनी मुद्रण पुरेशा प्रमाणात विकत नसेल किंवा लोकांना उपलब्ध करून देत नसेल, तर कलाकार नोटीस देऊन करार मोडू शकतो. कंपनीला सुधारायला वर्षभराची मुदत. वापरा नाही तर सोडा, असा त्याचा अर्थ. हेच कलम मी मागतो आहे, पण खऱ्या ताकदीचं. आज ते बजावणार कोण? पन्नास वर्षांनी बहुतेक गायक हयात नसतात. ऑपेरा तर शंभर-दीडशे माणसांचा. त्यांचे वारस एकत्र येऊन नोटीस पाठवतील, हे होणे नाही. हा अधिकार ग्रंथालयांना, संगीतशाळांना, साध्या श्रोत्यालाही असला पाहिजे. मुद्रण पाच वर्षं कुठेच मिळत नाही एवढं दाखवलं, की ते मोकळं.

याने कंपन्या बुडतील ही भीती निराधार आहे. कालासच्या प्रयोगांची मुद्रणं किती वर्षं टेपांवर, मग छोट्या कंपन्यांच्या सीड्यांवर फिरत होती. युरोपात त्यांतल्या पुष्कळशांवरचे हक्क संपलेही होते. तरी वॉर्नर कंपनीने २०१७ मध्ये तीच मुद्रणं नीट स्वच्छ करून ४२ सीड्यांचा संच काढला. चांगल्या टेपवरून, चांगल्या कानाने केलेलं काम लोक पैसे देऊन घेतात.

एक आक्षेप मात्र मला गप्प करतो, आणि त्याला मी बगल देणार नाही. कलाकाराला एखादी रात्र जगापुढे यायला नको असेल तर? आवाज बसलेला असेल, मन ठिकाणावर नसेल. संगीत-संचालक कार्लोस क्लायबरने आयुष्यभरात मोजकीच मुद्रणं होऊ दिली. ७ डिसेंबर १९७६ ला ला स्कालात त्याने केलेला ‘ओतेल्लो’, दोमिंगो, फ्रेनी आणि काप्पुचिल्ली या गायकांना घेऊन, इटलीच्या दूरदर्शनवर दाखवला गेला आणि मग खासगी टेपांवरून हातोहात फिरत राहिला. आपल्याकडे केसरबाई केरकरांनी ध्वनिमुद्रणाबाबत किती हात आखडता ठेवला, ते सगळ्यांना माहीत आहे. गाणं हे समोर बसलेल्यासाठी असतं, असं मानणाऱ्या कलाकाराचा नकार मी मोडायला सांगणार नाही. तो हयात असेपर्यंत त्याचा शब्द अखेरचा. पण तो नकार त्याचा असतो. तो त्याच्याबरोबर जातो. कंपनीच्या हिशेबनिसाला तो वारशात मिळत नाही. आणि केसरबाईंच्या त्या मोजक्या मुद्रणांतलं ‘जात कहाँ हो’ १९७७ पासून व्हॉयेजर यानात, बाखच्या रचना आणि मोझार्टच्या ऑपेरातल्या एका गाण्याच्या सोबतीने, सूर्यमालेबाहेर चाललं आहे. निवडणाऱ्यांच्या हाती ती तबकडी लागली, म्हणून.

इटलीपुरता प्रश्न सरकारी प्रसारण संस्थेपाशी येऊन थांबतो. राय ही संस्था लोकांच्या वर्गणीवर चालते. २०१६ पासून ही वर्गणी विजेच्या बिलातूनच वसूल होते. २०२५ मध्ये ती वर्षाला ९० युरो होती. एके काळी रायचे तुरीन, मिलान, रोम आणि नेपल्स असे चार वाद्यवृंद होते. नेपल्सच्या वाद्यवृंदाला तिथल्याच थोर बरोक संगीतकाराचं, आलेस्सांद्रो स्कार्लात्तीचं नाव होतं. १९९४ मध्ये तुरीनचा एकच राष्ट्रीय वाद्यवृंद उरला. बाकीचे ज्या रात्री जे वाजवून गेले ते आता फक्त टेपांवर आहे. त्या माणसांच्या पगाराचे पैसे ज्यांनी भरले त्यांच्या नातवंडांना ते ऐकायला मिळू नये, याला कारण काय द्यायचं?

कारण बहुतेक वेळा दुष्टपणाचं नसतं, हे मान्य. टेप ऐकून नोंद करायला माणूस लागतो, यंत्र लागतं. कुठल्या कलाकाराशी काय करार झाला होता त्याचा कागद सापडत नाही, मग अधिकारी म्हणतो, राहू दे. संगीत-संचालक विल्हेल्म फुर्टवेंग्लरने रोममध्ये रायच्या वाद्यवृंदाबरोबर वाग्नरचं चार ऑपेरांचं अख्खं चक्र १९५३ च्या शरदात मुद्रित केलं. ते बाजारात आलं १९७२ मध्ये, करारांचा गुंता सुटल्यावर. फुर्टवेंग्लर १९५४ मध्येच गेला होता. हे तर इतकं गाजलेलं नाव. ज्यांची नावं गाजली नाहीत त्यांच्या टेपांचा गुंता सोडवायला कोण बसणार? १९६२ पर्यंत प्रसारित होऊन पुढे कधीच बाजारात न आलेल्या मुद्रणांत तर गुंताही उरलेला नाही, हक्क संपले आहेत. पण हक्क संपला म्हणून कपाट उघडत नाही. कायदा एवढंच म्हणतो, की आता कोणालाही प्रत काढायला हरकत नाही. प्रत काढण्यासाठी टेप हातात द्या, असं तो कोणालाच सांगत नाही. मालकी संपल्यावरही चावी ज्याच्याकडे आहे त्याचंच राज्य चालतं.

बरोक संगीताने हा अनुभव आधी कागदावर घेतला आहे. आज घराघरांत पोहोचलेला विवाल्दी शंभर वर्षांपूर्वी नावापुरताच उरला होता. त्याच्या स्वतःच्या हस्तलिखितांचा संग्रह दोन वारसांत वाटला गेला होता. १९२६ मध्ये एका धार्मिक शाळेने त्यातला अर्धा विकायला काढला, तेव्हा तो तुरीनच्या ग्रंथालयाला परवडेना. रोबेर्तो फोआ आणि नंतर फिलिप्पो जोर्दानो या दोन व्यावसायिकांनी, दोघांनीही आपल्या वारलेल्या लहान मुलाच्या स्मरणार्थ, एकेक हिस्सा विकत घेऊन ग्रंथालयाला दिला. साडेचारशेच्या आसपास रचना. ती दोन मुलं नसती गेली तर, हा विचार मनात येतो आणि पुढे नेववत नाही.

आणि कपाट उघडल्यावरही काय होतं ते ‘मोतेत्सुमा’ने दाखवलं. विवाल्दीचा हा ऑपेरा १७३३ मध्ये व्हेनिसला झाला आणि त्याचं संगीत हरवलं. बर्लिनच्या जिंगअकाडेमी या गायनसंस्थेचा संग्रह महायुद्धात हलवला गेला, तिथून सोव्हिएत सैन्याबरोबर कीव्हला गेला, आणि २००१ मध्ये परत आला. त्यात ‘मोतेत्सुमा’ची अपुरी प्रत निघाली. युरोपीय कायद्यात अशी तरतूद आहे, की कधीच प्रसिद्ध न झालेली जुनी कृती जो पहिल्यांदा प्रसिद्ध करेल त्याला तिच्यावर २५ वर्षांचा हक्क. संस्थेने तो हक्क सांगितला. २००५ मध्ये इटलीतल्या बार्गा गावच्या महोत्सवातला प्रयोग त्या वादापायी अडला. २७२ वर्षांपूर्वी व्हेनिसमध्ये तिकीट काढून लोकांनी पाहिलेला ऑपेरा इटलीतच करायला बर्लिनची परवानगी हवी झाली. शेवटी २२ जानेवारी २००९ रोजी जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने संस्थेचा दावा फेटाळला: १७३३ मध्येच प्रती उपलब्ध झाल्या नव्हत्या, हे संस्थेला सिद्ध करता आलं नाही. मला तो निकाल योग्य वाटतो. संग्रह सांभाळल्याबद्दल संस्थेला मान द्यावा, पैसेही द्यावेत. सांभाळणारा आणि मालक या दोन गोष्टी वेगळ्या राहिल्या पाहिजेत.

आपण या सगळ्याकडे लांबून पाहतो आहोत असं नाही. मिलानमध्ये कारुसोला मुद्रित करणारा फ्रेड गाइसबर्ग त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात कलकत्त्यात होता आणि तिथे त्याने गौहर जानचा आवाज उतरवला. सुरुवात बरोबरच झाली. भास्करबुवा बखले १९२२ पर्यंत होते, आणि त्यांचा एक सूरही आपल्याकडे नाही. भारतात ध्वनिमुद्रणावरचा हक्क ६० वर्षांचा आहे, आणि मुदत संपलेल्या तबकड्या संग्राहकांनी घरोघरून वेचल्या म्हणून आज ऐकायला मिळतात. रोमच्या टेपांबद्दल मी जे मागतो तेच आकाशवाणीच्या टेपांबद्दलही मागेन. तो लेख वेगळा लिहावा लागेल.

अंकल गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. मागच्या वर्षी त्यांच्या मुलीने घर रिकामं करताना मला बोलावलं आणि स्पुलांचा खोका हातात दिला. झाकण उघडलं तर व्हिनेगरचा वास. जुन्या ॲसिटेटच्या टेपा कुजायला लागल्या की हा वास येतो. टेप आक्रसते, कडा वर वळतात, हात लावला की तुकडे पडतात. नंतरच्या काळातल्या चिकट झालेल्या टेपा मंद आचेवर शेकून वाजवता येतात, या जातीच्या टेपांना तोही उपाय चालत नाही. ओळखीच्या एका तंत्रज्ञाने तीन दिवस खपून जे निघेल ते काढलं.

लिस्बनची ‘त्राव्हियाता’ त्यातून निघाली नाही. त्याचं दुःख नाही. ती आता कुठेही मिळते. पण त्याच स्पुलाच्या दुसऱ्या बाजूला पेन्सिलीने नुसतं ‘कोरेल्ली’ लिहिलेलं होतं. बरोक संगीतकार कोरेल्लीची नाताळची कॉन्चेर्तो. कुठल्या तरी चर्चच्या सभागृहात अंकल आणि त्यांचे मित्र नाताळच्या आधी तालीम करत असणार. वादकांची नावं कुठेच नाहीत, आणि त्यांच्या मुलीलाही माहीत नाहीत. अकरा मिनिटं वाचली. मधे दोनदा टेप तुटली आहे. शेवटी पास्तोराले सुरू होतं, मेंढपाळांच्या पाव्याची ती झुलती चाल, आणि चेलो जरा मागे पडतो. सगळे थांबतात. खुर्ची सरकल्याचा आवाज येतो, आणि मग अंकलचा, तरुण, मी कधीच न ऐकलेला: “आनीक एक फावट.” पुन्हा एकदा. सहा-सात मात्रा वाजतात, आणि टेप संपते.